नाकाडावरची भाऊबीज

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी चिमीनं ओवाळणीचं सगळं सामान काढलं: निरांजन, कुंकवाचा करंडा, अक्षता, सुपारी, आईची सोन्याची अंगठी. पण ताट पाटासमोर न मांडता ती ते एकेक करून पिशवीत भरू लागली. तेलाची बाटली वेगळी, वात वेगळी, काडेपेटी कमरेला. आज भावाला डोंगरावर नेऊन ओवाळायचं आणि मग नाकाडावरून खाली ढकलून द्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. दवाखान्यात पोराच्या खाटेशी बसून ठरवलं होतं, आणि घरी येऊन आंघोळ केली, केसांना तेल लावलं, नवं लुगडं नेसली, तरी तिला त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं.

चिंचोळे गाव वांगणीच्या पलीकडे, डोंगराला टेकून बसलेलं. पावसाळ्यात तो डोंगर इतर डोंगरांसारखाच हिरवा असतो, त्यात बघण्यासारखं काही नाही. पण पाऊस सरला की गवत वाळतं, कोणीतरी हमखास वणवा लावतो, आणि काळ्या खडकाच्या मधोमध एक तांबडा पट्टा उघडा पडतो. मुरूम आणि तांबडा दगड, दुसरं काही नाही. त्यातून पाण्यानं कापत नेलेली एक घळ आहे. दोन्ही अंगांना उंच तांबड्या भिंती, आत ऊन पोचायला दुपार उजाडते, आणि जागोजाग इतकी अरुंद की जाड माणसानं आडवं होऊन सरकावं. घळीतून वर आलं की उघडी धार लागते, आणि धारेच्या टोकाला खडकाचं नाकाड पुढे आलेलं आहे. तिथे वाघदेवाचा शेंदूर फासलेला दगड, आणि त्याच्या पुढे नुसती हवा.

हा तांबडा पट्टा चिमीचा. तिच्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, भाताची सगळी खाचरं आणि बाकीचा डोंगर मुलाच्या नावे केला आणि मुलीला चोळी-बांगडीला म्हणून हा पट्टा दिला. चोळी-बांगडीला दिलेल्या जमिनीतून निदान चोळीपुरतं तरी निघावं, पण ह्या जमिनीत कुसळसुद्धा धड उगवत नव्हतं. तेव्हा तिचा भाऊ भूपेश पोट धरून हसला होता. "आण्णांनी बायला दगडं दिली," असं सगळ्या गावाला सांगत फिरला. चिमीही हसली होती. दादूसच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या, नावावर काय नि आपल्या काय, घर एकच, असं तेव्हा ती मानत असे.

पुढे तिचा नवरा गेला आणि ती लहानग्या धर्मेशला घेऊन माहेरच्या गावी परत आली. तेव्हा दादूसनं तिला उघड्यावर टाकलं नाही, हे खरं आहे आणि ते सांगायलाच हवं. घर बांधून दिलं, वर्षाचा तांदूळ दिला, भाच्याला खांद्यावर बसवून सबंध जत्रा फिरवली. पण मग शिरगावात, बदलापुरात, वांगणीत इमारतींचं पीक आलं. इमारतीला भराव लागतो, भरावाला मुरूम लागतो. भूपेशनं आधी डंपर घेतला, मग पोकलेन मशीन घेतलं, आणि आपल्या वाट्याचा डोंगर त्यानं असा सपाट केला की तिथे आता क्रिकेटचे सामने होतात. गळ्यात जाड साखळी आली, पोट आलं, पांढरी गाडी आली. उरला होता तो बहिणीचा तांबडा पट्टा.

तोवर त्या पट्ट्याला दुसरीच वाट फुटली होती. धर्मेशनं घळीत पायऱ्या खोदल्या, अवघड जागी दोर बांधला, रविवारी पोरापोरींना वर न्यायला लागला. सकाळी चढायचं, दुपारी उतरायचं, खाली चिमीच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन घरी जायचं. मग उल्हासनगरच्या जिज्ञासा नावाच्या एका मुलीनं घळीत उभं राहून व्हिडिओ केला, "राजस्थान नहीं यार, वांगणी है!" आणि लोकांना वेड लागलं. डोंबिवली, ठाणे, कुठून कुठून माणसं 'वाळवंट' बघायला यायला लागली. ज्या दगडांना गाव हसलं, त्या दगडांपाशी माणसं रांग लावून फोटो काढायला लागली. चिमीला ह्या प्रकाराचं हसू यायचं आणि रडूही यायचं.

भूपेशला मात्र हसू येत नव्हतं. "शिरगावात तुला रूम घेऊन देतो, पट्टा मला दे," असं तो म्हणाला. ती नाही म्हणाली. मग त्यानं वहिनीला पाठवलं, गावातल्या म्हाताऱ्यांना पाठवलं, शेवटी दारू पिऊन स्वतः आला आणि अंगणातली चूल लाथेनं उडवली. ती नाहीच म्हणाली. आणि दिवाळीच्या ऐन तोंडावर, दोर बदलायला म्हणून एकटा गेलेला धर्मेश घळीत सापडला. तोंडाला फडकी बांधलेल्या माणसांनी त्याला धरून आडवा केला होता आणि टॉमीनं, म्हणजे डंपरवाले टायर खोलायला वापरतात त्या लोखंडी दांड्यानं, त्याच्या एका पायाची दोन्ही हाडं गुडघ्याखाली फोडली होती. शुद्ध जाईपर्यंत पोरगं कोपरांवर सरपटत घळीच्या तोंडाशी आलं होतं. डॉक्टर म्हणाले, आत सळई घालू, चालेल, पण डोंगर विसरा.

माणसं कोणाची, हे कोणी सांगायची गरज नव्हती. भूपेश दवाखान्यात आला, खाटेचा कठडा धरून लहान पोरासारखा हमसून रडला, दवाखान्याचा खर्चही त्यानंच केला. धर्मेशनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि एक शब्द बोलला नाही. चिमीला वाटलं, भाड्याची माणसं लावून पोराचा पाय फोडला आणि आता मनाला खातंय म्हणून रडतोय. त्यानं स्वतः हात उचलला असेल हे तिच्या मनालाही शिवलं नाही. मामा भाच्याला पायसुद्धा लागू देत नाही. चुकून लागला तर वाकून नमस्कार करतो. जग कितीही बिघडलं तरी काही गोष्टी होत नसतात, इतका तिचा अजून विश्वास होता.

भाऊबीजेला तो येणार हेही तिला पक्कं ठाऊक होतं. पोलिसाला न भिणारा हा माणूस यमाला मात्र चळचळ कापत असे. एका वर्षी भाऊबीज सोडून मित्रांबरोबर गोव्याला गेला, आणि परत आल्याच्या आठवड्यात डंपर त्याला आत घेऊन नाल्यात उलटला. बरगड्या मोडल्या, पण वाचला. बहीण ओवाळते म्हणून यम आपला फास आवरतो, हे तेव्हापासून त्याच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. भांडण असो, कज्जा असो, भाऊबीजेला तो पाटावर बसून कपाळ पुढे करायचाच.

आला तो पांढऱ्या झब्ब्यात, अत्तर मारून. मागे पोकलेन. मशीन चालवणारा राजू वर बसलेला, आणि मशीनला झेंडूचा हार. ओवाळून झालं की लगेच पट्ट्याला हात घालायचा, असा त्याचा मुहूर्त होता. लाज नावाची वस्तू माणसाकडून एकदा गेली की पुन्हा यायचं नाव घेत नाही.

"चिमे, पाट कुठंय? ओवाल लवकर, मशीनचं डिझेल जलतंय," तो अंगणातूनच ओरडला.

"हितं नाय ओवालीत," चिमी पिशवी खांद्याला लावत म्हणाली. "वर ओवालीन. नाकाडावर, वाघदेवाजवल. आण्णांनी आपल्याला पयली भाऊबीज थंयच करवली व्हती."

"येडी झालीस काय? हा पोट बघ माझा. मी चढू वर?"

"नको चढू. ऱ्हाऊ दे मंग या वर्साला."

भूपेशचा चेहरा उतरला. त्यानं डोंगराकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, पुन्हा बहिणीकडे बघितलं. राजू वरून म्हणाला, "शेठ, धूप लय हाय, कशाला जाताय? ताईला इथंच..." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत भूपेशनं त्याला पायाला धरून खाली ओढलं आणि अशी एक सणसणीत ठेवून दिली की राजूच्या ओठातून रक्त आलं. "माज्या नि माज्या भैनीच्या मधी बोलतोस?" असं म्हणून तो चालू लागला. ज्याच्या पायाखाली वाट संपणार होती तो माणूस पुढे आणि वाट ठाऊक असलेली बाई मागे, असे ते निघाले.

घळीच्या तोंडाशी धर्मेशनं लावलेली पाटी होती. प्लास्टिक टाकू नका, दगड ढकलू नका, पाणी सोबत ठेवा. भूपेशनं जाता जाता ती लाथेनं मोडली. राग कशाचा आला हे त्यालाही सांगता आलं नसतं. मोडलेली पाटी चिमीनं उचलून कडेला ठेवली.

आत थंडगार होतं. तांबड्या भिंती दोन्हीकडून अंगावर आलेल्या, वर आभाळाची नुसती पट्टी. भूपेश आडवा होऊन सरकत होता, झब्ब्याला तांबडी माती लागत होती, तोंडानं शिव्या चालू होत्या. एका जागी चिमी थांबली. तांबड्या दगडावर रक्त दिसत नाही, पण माश्या घोंगावत होत्या त्यावरून जागा कळत होती.

"हितं मारला त्याला," ती म्हणाली.

भूपेशनं त्या दगडाला पाय लागू दिला नाही, भिंतीला चिकटून पलीकडे गेला. चिमीनं ते पाहिलं. पाय लागू नये एवढं कळतं तुला, मग बाकीचं का नाही कळत रे मुडद्या, असं तिला ओरडावंसं वाटलं. पण वर पोचेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं तिचं ठरलं होतं.

घळीच्या माथ्यावर उभी चढण आहे, धर्मेशचा दोर होता ती. दोर आता कापलेला होता. चिमी सरसर वर चढली, तिला दोराची गरज कधीच नव्हती. भूपेश मध्येच अडकला. एक पाय खाचेत, दुसरा लटकतोय, बोटांखालचा मुरूम ढासळतोय.

"चिमे, हात दे! हात दे गं!"

इथेच सोडला असता तर काम झालं असतं. नाकाडापर्यंत जायचीही गरज नव्हती. आणि चिमीनं हात दिला. विचार करायच्या आत दिला, टाच रोवून त्या धुडाला वर ओढून घेतलं. वर आल्यावर तो गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत राहिला आणि ती आपल्या हाताकडे बघत राहिली. स्वतःच्या हाताचा इतका संताप तिला कधी आला नव्हता.

पुढची धार उघडी होती. यंदा वणवा दिवाळीआधीच लागला होता; गवत काळं झालेलं, पायाखाली राख, खडक तापलेला. खाली डावीकडे भूपेशनं खाऊन टाकलेला डोंगर दिसत होता, भाकरीचा तुकडा तोडावा तसा. त्याच्या पलीकडे बदलापूरच्या इमारती. भूपेशनं घाम पुसत बोट दाखवलं. "ती निली काचवाली दिसते? तिच्याखाली माजा मुरूम हाय. आन् ती बाजूची, तीपन." त्याच्या आवाजात खरंच अभिमान होता. चिमीनं त्याला एक घोट पाणी दिलं. मरणाऱ्याला पाणी द्यावं म्हणून दिलं, दुसरं काही मनात नव्हतं.

नाकाडावर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. वाघदेवाला दोघांनी हात जोडले. मग तिनं त्याला पूर्वेकडे तोंड करून बसवलं, म्हणजे पाठ बरोबर कड्याकडे आली. एक धक्का पुरे होता. वारा होता म्हणून निरांजन लागेना, तर भूपेशनं स्वतः दोन्ही हातांचा आडोसा केला. ज्योत धरली. चिमीनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, अंगठी-सुपारी ओवाळली, मग निरांजन. तो डोळे मिटून बसला होता. कपाळावर कुंकू लागलं तसा त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला, जणू आता त्याला कुणी हात लावू शकत नाही.

आता, असं ती मनात म्हणाली. ताट खाली ठेवलं. पण त्याआधी तिला एक गोष्ट हवी होती. मेल्यावर ती विचारता आली नसती.

"दादूस, ओवालनी मागते. पैसा नको. धर्म्याचा पाय कोनी फोडला त्याचं नाव सांग. तुज्या मानसातला कोन?"

भूपेशनं डोळे उघडले. आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मी."

तिला कळलं नाही.

"मीच मारला गं. भाड्याच्या पोरांना नुसतं धरायला लावलं. टॉमी त्यांच्या हातात दिली असती ना, तर डोक्यात घातली असती हरामखोरांनी. परक्याला काय माया? मी मामा हाय त्याचा. मोजून मारला. गुडघ्याच्या खाली, म्हंजे सांधा वाचावा. एकच घाव." त्याचे डोळे भरून आले होते. "फडक्यात रडत व्हतो मी, चिमे. त्यानं वलखला मना. 'मामा' बोलला. वलखला तरी दुसरा घाव घातला नाय. एकच मारला."

तो हे सांगत होता आणि त्याला खरोखर वाटत होतं की आपण बहिणीला काहीतरी दिलं. ओवाळणीत घालण्यासारखं काहीतरी. चिमीला ते दिसलं, आणि तिच्या मनातला इतक्या वर्षांचा दादूस तिथल्या तिथे मेला. पोरानं भिंतीकडे तोंड का फिरवलं हेही तिला आता कळलं. त्यानं आईपासून मामाला लपवलं होतं.

तिनं चिमटीनं वात विझवली. मग हात पुढे करून अंगठ्यानं भावाच्या कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं. एकदा, मग पदराचं टोक थुंकीनं ओलं करून पुन्हा.

"काय करतेस?" भूपेशचा आवाज चिरकला. "चिमे, काय करतेस ह्ये?"

"मना भाऊ नाय," चिमी म्हणाली.

त्यानं तिच्या तोंडात मारली. ती आडवी झाली, ताट खडखडत गेलं, अक्षता राखेत पडल्या. "लाव परत!" तो ओरडला. तिच्या पोटात लाथ बसली, मग दुसरी. त्यानं तिचा बुचडा धरून तिला उठवलं, करंडा उघडून तिचं बोट कुंकवात दाबलं, तिचा हात ओढून आपल्या कपाळाकडे न्यायला लागला. "लाव! लाव म्हंतो ना! लाव!" मारायला आलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता, जीव जातोय अशा माणसाचा होता. चिमीनं मूठ वळली. त्यानं मूठ उलगडायला अंगठा आत घातला, आणि तिनं तो अंगठा दातात धरला. हाडापर्यंत चावली. तिच्या तोंडात रक्त आलं आणि तिनं सोडला नाही.

तो बोंबलला, सगळ्या जोरानं मागे हिसडा दिला. अंगठा सुटला. दोन पावलं तो मागे गेला, आणि तिसरं पाऊल ठेवायला खाली मुरूम राहिला नाही. तो दिसेनासा झाला. मागोमाग माती घसरल्याचा आवाज आला आणि मग धप्प.

चिमी कड्याशी पालथी पडून खाली वाकली. सरळ खाली गेला असता तर घळीच्या तळापर्यंत गेला असता. पण नाकाडाखाली दीड पुरुषावर एक चिंचोळी पायरी आहे, शेळ्या चढतात तेवढी, तिच्यावर तो पडला होता. एक हात भलत्याच बाजूला वळलेला, डोकं फुटलेलं, पण जिवंत. पाय पायरीबाहेर लोंबत होते. त्यानं ते हळूहळू आत घेतले.

"बाय," तो हाका मारत होता. चिमे नाही, बाय. लहानपणी मारायचा तशी हाक. "बाय गं, मना वर घे."

ठरवलेलं काम आपोआप अर्धं झालं होतं. उरलेलं अर्धं तर फारच सोपं होतं. चिमीनं दोन्ही हातांत मावेल एवढा तांबडा दगड उचलला आणि ओटीत टाकला. शेळ्यांची वाट तिला पोरवयापासून ठाऊक होती. पोटात कळ येत होती, ओठ सुजला होता, तरी ती बसत बसत त्या पायरीवर उतरली. आता दोघांच्या मध्ये हातभर अंतर, आणि त्याच्या पलीकडे काही नाही.

भूपेशनं तिला बघितलं. तिच्या ओटीतला दगड त्याला दिसला नाही. तिच्या बोटाला लागलेलं कुंकू तेवढं दिसलं. त्याचा चेहरा एकदम निवला. त्यानं मान खाली घातली, डोळे मिटले आणि कपाळ तिच्यापुढे केलं.

"लाव बाय. लाव. मंग मी मरत नाय."

पायानं लोटला असता तरी गेला असता. चिमीनं पाय उचललाही. पण समोर तो टक्कल पडलेला, रक्तानं माखलेला, विश्वासानं वाकलेला माथा होता, आणि तिच्यानं ते झालं नाही. होणार नाही हे तिला कळलं तेव्हा तिला रडू फुटलं. ती मोठ्यानं, गळा काढून रडली. स्वतःवर चिडून रडली, खाटेवरच्या पोरासाठी रडली, ह्या समोरच्या राक्षसासाठीही रडली. असला भाऊ मारताही येत नाही आणि सोडताही येत नाही, ही कुठली शिक्षा, असं तिला झालं.

मग तिनं डोळे पुसले.

"दादूस, पाय सरल कर," ती म्हणाली.

त्याला वाटलं, ती त्याला उठवायला बघतेय. त्यानं निमूटपणे पाय लांब केला. तिनं त्याच्या मांडीवर गुडघा रोवला, ओटीतून दगड काढला, दोन्ही हातांनी डोक्यावर नेला. तेव्हा त्यानं डोळे उघडले.

"चिमे, नको..."

"हलू नको. हललास तर गुडघ्यावर बसंल," चिमी म्हणाली. "दुसऱ्या कोनाला सांगितलं असतं तर जीव घेतला असता तुजा. मी भैन हाय."

दगड खाली आला. गुडघ्याच्या बरोबर खाली. हाड मोडल्याचा आवाज तिला बोटांपर्यंत जाणवला. भूपेशची किंकाळी घळीत उतरली आणि दोन्ही तांबड्या भिंतींवर आपटत खालपर्यंत गेली. खाली मशीनचा आवाज बंद पडला. राजूनं इंजिन थांबवून वर बघितलं असावं.

तिनं दगड पुन्हा उचलला नाही. तो पायरीवरून खाली सोडून दिला आणि तो तळाला पोचेपर्यंत ऐकत राहिली. मग भावाच्या कपाळावर कुंकू लावलं. बोटाला उरलं होतं तेवढंच, पण नीट, मधोमध लावलं. तो दातांत झब्ब्याची बाही धरून कण्हत होता, डोळे पांढरे झाले होते, तरी कुंकू लागलं हे त्याला कळलं. त्यानं मान हलवली.

चिमी वर आली. धारेवर उभी राहून तिनं तोंडाभोवती हात धरले आणि राजूला साद घातली, दोर घेऊन ये म्हणून, गावातली चार माणसं घेऊन ये म्हणून. खालून राजूनं ओ दिली आणि विचारलं, शेठला काय झालं?

"पाय मोडलाय," ती ओरडली.

मग ती कड्याशी येऊन बसली, खाली पाय सोडून, त्याला दिसेल अशी. शेवटी भूपेशनं मान वर केली. कुंकवाच्या खालून त्याचे डोळे तिच्यावर लागले होते, आणि पहिल्यांदाच त्यांत यमाची नव्हे, बहिणीची भीती होती.

"मशीन घेऊन जायला सांग राजूला," चिमी वरून म्हणाली. "परत आनलंस तर मना निरोप धाड. मी येईन. दुसरा पाय हाय अजून."